दुधी पाण्यातला ठोकळा

प्रयोगशाळेतल्या हौदात दुधाची भुकटी डॉक्टर स्वतः कालवायचे, दुसऱ्या कुणाच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. पाणी पांढरंफटक झालं की बोटभर खाली बुडवलेला काचेचा ठोकळा दिसेनासा होई. उंदराने पोहत तो शोधायचा, भिंतीवरचे त्रिकोण-चौकोन बघून जागा लक्षात ठेवायची. नव्वद सेकंदांत सापडला नाही, तर पिंजरे सांभाळणाऱ्या मावशींनी त्याला जाळीने उचलायचं, हा नियम.

तरुण उंदीर पटकन वर चढत. म्हातारे गोल गोल फिरत राहत. पण डॉक्टरांनी शोधलेलं मेंदूतलं रसायन टोचलं, की म्हाताऱ्यांनाही आठवू लागे. वीस वर्षांची मेहनत फळाला आली होती आणि तिथेच माशी शिंकली. तुलनेसाठी औषध न दिलेल्या आठ म्हाताऱ्यांत एक फाटक्या कानाची उंदरीण होती. मावशी तिला आजीबाई म्हणत. ती दर वेळी सहा सेकंदांत ठोकळ्यावर! तिच्या एकटीमुळे सगळे आकडे बिघडत. तोंडाशी आलेला घास एका उंदरिणीपायी सोडायचा?

एका दुपारी डॉक्टरांनी ठोकळाच काढून ठेवला. आजीबाई सरळ त्या जागी गेली. तिथे नुसतं पाणी. ती फिरून पुन्हा तिथेच आली. पुन्हा. नव्वद सेकंद झाले तशी मावशींनी जाळी उचलली.

"थांबा," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, ठोकळा कुठंय?"

"आहे तिथेच. तिलाच आठवत नाही."

बुडेपर्यंत ती त्यांच्याकडेच बघत होती. वहीत नोंद झाली, 'सापडला नाही'. मावशींनी तिला फडक्याने पुसून कोरडं केलं, कानसुद्धा. 

दुसऱ्या दिवसापासून, ठोकळा परत जागेवर असूनही, औषध टोचलेले उंदीर त्याच्याकडे जाईनात. डॉक्टर उभे असतील तिथल्या काठाशी येऊन, तोंड वर करून थांबत. डॉक्टर सरकले की तेही वळत. ज्यांनी आजीबाईला कधी पाहिलंही नव्हतं, तेसुद्धा.

मग डॉक्टर विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग घराचा जिना, मग जेवता जेवता लेकीचं नाव.

"बाबा, गंमत करताय ना?" लेकीने विचारलं.

 ज्या डोक्याच्या जोरावर जन्म काढला, तेच दगा देत होतं. पण औषध तर त्यांच्याच कपाटात होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दंडात सुई टोचून घेतली.

आठवण आली. लख्ख आली.

पांढरं पाणी. नाकात दूध. वर, हातात घड्याळ धरलेला एक अवाढव्य माणूस.

मावशी डबा धुऊन परतल्या तेव्हा डॉक्टर कोरड्या फरशीवर, भिंतीच्या कडेकडेने, हनुवटी वर करून गोल फिरत होते. धाप लागली होती.

"मावशी... ठोकळा कुठंय?"

मावशींनी दार लावलं.

"आहे तिथेच," त्या म्हणाल्या, आणि स्टूल ओढून घड्याळासमोर बसल्या.