एकाच पायाचा प्यूमा

"मरेन, पण कोणापुढे झुकणार नाही!" असं रायेनने डोंगरमाथ्यावरून अख्ख्या प्रशांत महासागराला बजावलं आणि लगेच झुकली. सायकलची चेन पडली होती.

गर्जना ऐकायला दोघेच होते. मावसभाऊ ओक्तावियो आणि पुल्गा कुत्रा. त्यातल्या पुल्गाचं लक्ष ओक्तावियोच्या खिशातल्या पावाकडे.

गर्जनेला कारण होतं. वाटेवर पाटी लागली होती: 'प्यूमाचा वावर. सायकलींना बंदी.' खाली सही गावसमितीचे अध्यक्ष डॉन एव्हारिस्तो बेकरीवाले यांची. संध्याकाळी सहाला सभा. हात वर झाले की अठरा किलोमीटरचा फेरा कायमचा बंद! निलगिरीच्या रानातून चढून समुद्राकडे उतरणारी ही वाट पोरांनी सबंध हिवाळा स्वतः फावड्याने खणली होती. बेकरीमागचं शेवटचं वळण तर खास. तिथे जिवाच्या आकांताने घंटी वाजवायची, हा नियमच!

"खरंच प्यूमा असला तर?" ओक्तावियो म्हणाला.

"तर त्याने सभेत येऊन सांगावं! चल, घाल सायकल पाटीखालून!"

ओढ्याच्या चिखलात पंजे उमटले होते. ओक्तावियोने मोजले. "दहा. आणि सगळे डाव्या पायाचे!"

"म्हणजे लंगडी घालत आला!"

प्यूमाच्या वासाने कुत्री शेपूट घालतात. पुल्गा मात्र खाली बसून चिखलातला एक पंजा मन लावून चाटू लागला. रायेनने दुसऱ्या पंजात बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"पीठ!"

सहाला तिने सभेच्या टेबलावर हेल्मेट आदळलं. आत चिखलाचं ढेकूळ होतं, पंजासकट.

"बंदी असताना गेलीस?" डॉन एव्हारिस्तो गरजले.

"गेले! उद्याही जाणार! तुमचा प्यूमा एकपायी आहे, तो माझ्यामागे काय धावणार?"

सभागृहात हशा पिकला. चिटणीसबाई डोन्या ओर्तेन्सियांनी चष्मा पुसून ढेकळात डोकावून पाहिलं.

"ज्याने कोणी हे केलं तो शुद्ध मूर्ख आहे," रायेन पुढे म्हणाली. "चिखलात कोणी पीठ भुरभुरतं का?"

"मूर्ख?" डॉन एव्हारिस्तो ताडकन उठले. "आधी पीठ भुरभुरलं नाही तर साचा चिकटतो, पोरी! तीस वर्षं मी..."

ते थांबले. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं.

"...असं ऐकून आहे," ते म्हणाले.

"शाबास, पोरांनो!" डोन्या ओर्तेन्सिया म्हणाल्या. "आम्ही मोठी माणसं पाटी वाचून घाबरलो. जाऊन बघितलं तुम्हीच. वाट चालू राहावी, हात वर!"

सगळे हात वर गेले. डोन्या ओर्तेन्सियांनी चष्म्यावरून पाहिल्यावर अध्यक्षांचाही.

रायेन बाकावर चढली. "आज या डोंगरांनी जगाला दाखवून दिलं, की..."

"रायेन," डॉन एव्हारिस्तो पडक्या आवाजात म्हणाले, "मी पहाटे दोनला भट्टी पेटवतो गं. दुपारी तासभर डोळा लागतो. त्या वळणावर तेवढी घंटी जरा हळू वाजवाल?"