पादोवात चार तास

खिडकीच्या काचेवर टकटक झाली तेव्हा नीवेस नकाशांच्या घड्या घालत बसली होती. बाहेर फेब्रुवारीचा बारीक, बोचरा पाऊस. काचेपलीकडे एक उंच, उन्हावाऱ्याने रापलेला तरुण उभा होता. केस भिजलेले, हातात घट्ट धरलेला फोन.

"या गावात चार तास काढायचेत," तो म्हणाला. "काय पाहू?"

पर्यटकांच्या माहिती केंद्रात तिची चार वर्षं गेली होती. उत्तर तोंडपाठ होतं. "भित्तिचित्रांचं चॅपल आज जमणार नाही, त्याला आधी नाव नोंदवावं लागतं. बाजार एकच्या आत गाठा, मग भाजीवाले आवरायला घेतात. बाजाराच्या वरच्या दालनात लाकडी घोडा आहे, तो चुकवू नका. आणि दगडांवरून जपून चाला, पावसात घसरतात."

"घोडा केवढा आहे?"

"घोड्यापेक्षा मोठा."

तो हसला नाही. नकाशाच्या कोपऱ्यात त्याने लिहिलं – घोडा, मोठा.

"अहो, लिहून कशाला घेताय?"

"आईला सांगायचंय." तो जरा थांबला. "सकाळी तिला इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेलंय. हृदयाची झडप बदलताहेत. आत जाताना मला म्हणाली, हे असलं तोंड घेऊन दारात बसू नकोस, जा, गाव बघ आणि मी शुद्धीवर आले की मला सांग. आम्ही क्योज्जाचे, किनाऱ्यावरचे मासेमार. तासाभराचा रस्ता... पण मासळीचा लिलाव सोडून ती कधी इकडे आलीच नाही."

नीवेस मुळातच काळजी करणारी. बहिणीला यायला दहा मिनिटं उशीर झाला की हिला रस्त्यावर रुग्णवाहिका दिसायला लागायच्या. आता या अनोळखी माणसाच्या आईची काळजीही तिला चिकटली.

अर्ध्या तासाने तो परत खिडकीशी हजर.

"पाहिला घोडा?"

"पाहिला."

"कसा आहे?"

त्याने पुष्कळ आठवून पाहिलं. "...चार पायांचा."

तिला हसू फुटलं आणि लगेच विरलं. हा माणूस सगळा वेळ फोनकडेच बघत होता, हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं. एक वाजायला पंधरा मिनिटं होती. तिने 'बंद'ची पाटी लावली आणि कोट चढवला.

"चला. तुम्हाला एकट्याला नाही जमायचं."

त्याचं नाव एर्मेस बॉस्कोलो. आईचं पिएरिना. दोघं एकाच छत्रीतून निघाले – म्हणजे छत्री तिची आणि भिजलेला खांदा त्याचा. ती बोलत राहिली. कमानी दाखवल्या, कालव्याकाठचे पुतळे दाखवले. प्रत्येक वेळी "आईला काय सांगाल?" म्हणून परीक्षा घेतली. फळबाजाराच्या चौकात उकडलेल्या छोट्या ऑक्टोपसची गाडी दिसली तेव्हा पहिल्यांदा त्याची कळी खुलली.

"हे आमच्याकडचे. पहाटे आम्ही पकडायचे आणि तुम्ही वर तेल-लसूण घालून पादोवाचा पदार्थ म्हणून मिरवायचं!"

"मग खाऊ नका."

"खातो की! दुसऱ्याने शिजवलं की जास्त चांगलं लागतं." काडीला टोचलेला एक तुकडा त्याने तिच्यापुढे धरला. "घे ना."

'घ्या'चा 'घे' कधी झाला ते त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. तिच्या आलं. तिने तो तुकडा घेतला... आणि नजर दुसरीकडे वळवली.

दोन वाजले. फोन नाही. अडीच झाले. आता तो अर्धी वाक्यं टाकून थांबत होता. केंद्र उघडायची वेळ झाली होती, पण तिने घड्याळाकडे पाहिलंच नाही. शेवटी ती त्याला सांतोच्या चर्चमध्ये घेऊन गेली. आत संत अंतोनियोच्या थडग्याला लोक तळहात टेकवून उभे होते. एर्मेसनेही हात टेकवला.

आणि फोन वाजला.

रांगेतल्या म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. एर्मेस फोनकडे बघत नुसता उभा राहिला. फोन वाजतच होता. मग त्याने तो तिच्या हातात दिला.

"माझ्याने होणार नाही. तू बोल."

ती खांबाआड गेली. "हॅलो?"

"बॉस्कोलोंच्या घरच्या का?" बाईचा थकलेला आवाज.

"हो," नीवेस म्हणाली. "घरचीच."

ती ऐकत राहिली. परत आली तेव्हा तो तिचा चेहरा वाचत होता. गोड करून सांगावं असं क्षणभर तिला वाटलं... पण त्या डोळ्यांपुढे ते जमेना.

"जिवंत आहेत. झडप बसली. पण रक्त थांबत नव्हतं, म्हणून पुन्हा उघडावं लागलं. आता अतिदक्षता विभागात आहेत. पुढचे दोन दिवस कठीण म्हणाल्या."

त्याने तिचा हात एकदा दाबला आणि तो पळत सुटला. नंबर द्यायचं-घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

बुधवार गेला. गुरुवार गेला. नीवेस रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता उघडायची, क्योज्जाची नावं बोटाने शोधायची आणि पान मिटायची. हॉस्पिटलात जावं का? पण कोणत्या नात्याने? दोन तास छत्री धरली म्हणून?

शुक्रवारी दुपारी मात्र तिला राहवेना.

"बॉस्कोलो?" हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माणूस वैतागला. "कोणते? क्योज्जात दुसरं आडनावच नाही की काय! तीन आहेत आमच्याकडे."

"पिएरिना."

त्याने स्क्रीनवर पाहिलं. "त्या अतिदक्षता विभागात नाहीत आता. हलवलंय त्यांना."

"हलवलं म्हणजे... कुठे?"

"वर."

"वर?"

"तिसऱ्या मजल्यावर, हो! साध्या वॉर्डात."

पलंगावरची बाई चणीने बारकी, पांढरीफटक, पण नजर मासळी पारखणारीच होती. तिने नीवेसला नखशिखांत न्याहाळलं.

"माहिती केंद्रातली ना गं तू?"

"हो. कशा आहात?"

"आहे. पोराने सांगितलेला तो घोडा खोटाच वाटतोय मला."

"खरा आहे, मावशी."

"आणि तूसुद्धा खरी आहेस म्हणजे. तुझ्याबद्दलही मला शंकाच होती, इतकं वाढवून सांगत होता."

नीवेसचे कान गरम झाले. "तो... कुठे आहे?"

"तुझ्याकडेच गेलाय. कालपासून नुसता जिन्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. आज मीच हाकलला. आता दोघं बाहेर बोला, मला झोपू दे."

तो आला तो ओलाचिंब, धापा टाकत. कॉरिडॉरमध्ये तिला बघून जागच्या जागी थांबला.

"मी तिथे... तुझी खिडकी बंद..."

"मी इथे आले ना!" तिचा आवाज चढला आणि फुटला. "तीन दिवस! एक निरोप नाही. मी रोज पेपरात तुझ्या आईचं नाव शोधत होते, कळतंय का तुला?"

"आधी वाटलं, वाईट बातमी घेऊन यावं लागेल. ती तुला सांगणं मला जमलं नसतं." त्याने मान खाली घातली. "काल डोळे उघडले तिने. मग वाटलं, तू ओळखणारच नाहीस. दिवसाला शंभर माणसं येत असतील खिडकीशी."

"फेब्रुवारीत? अकरा."

तो हसला. मग गंभीर झाला. "उद्यापासून मला बोटीवर जायचंय. पण रोज संध्याकाळी येईन इथे. आईसाठी... नाही, खोटं कशाला बोलू? तुझ्यासाठीही."

तिची नजर खिडकीबाहेर गेली. वाऱ्याने पावसाची सर तिरकी झाली होती. असल्या वाऱ्यातही बोटी निघत असतील...

"मला भीती वाटते, एर्मेस. समुद्रावरच्या माणसाशी जीव जोडायचा म्हणजे रोज वाट बघणं आलं."

"मग?" त्याने अगदी हळू विचारलं.

"मग काय... बघेन वाट."

त्याने नुसते हात पुढे केले – खरबरीत, बर्फासारखे गार. नीवेसने ते दोन्ही हात धरले आणि आपल्या कोटाच्या उबदार खिशांत घातले.