रिबकाचा हात

गुरुवारी दुपारी जेवणं उरकली की चर्चच्या मागच्या खोलीत आमचा विणकामाचा वर्ग भरायचा. खोली लांबट, कौलारू, दोन खिडक्यांची. एका खिडकीतून रस्त्यावरचे वडापच्या जीपवाले ‘गडमुडशिंगी, गडमुडशिंगी’ ओरडताना ऐकू यायचे, दुसरीतून पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरातला लसणीच्या फोडणीचा वास यायचा. वर्ग मी घ्यायचे. मी एस्तेर चोपडे, निवृत्त गणित शिक्षिका. निम्मं कोल्हापूर मला चोपडेबाई म्हणतं, आणि माझ्या तोंडी लागण्यात अर्थ नाही हेही त्या निम्म्या कोल्हापूरला ठाऊक आहे.

विणता विणता मी विश्वासाचे धडे द्यायचे. खडू नको, फळा नको. कुणाचा टाका सुटला की सगळ्यांना थांबवायचं आणि विचारायचं, “बाकीचे सगळे टाके सुईवर आहेत ना? मग एका टाक्यासाठी एवढा जीव का टाकता?” बायका म्हणायच्या, “बाई, तो एक सुटला तर खालपतोर उसवंल की सगळं!” झालं. हरवलेल्या मेंढराचा धडा तिथंच संपायचा. चुकलेलं उसवणं म्हणजे पश्चात्ताप. गुंता सोडवणं म्हणजे सहनशीलता, आणि ती माझ्याकडे नाही हे मी आधीच सांगून टाकायचे. क्रोशावाल्यांना मी त्यांची पहिली साखळी दाखवायचे. सगळे खांब तिच्यावर उभे, आणि काम पुरं झालं की तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

पण माझा लाडका धडा उलट्या बाजूचा. रंगीत विणकाम उलटं करून बघा. गाठी, लोंबणारी टोकं, नुसता पसारा. “आपण सगळे या बाजूला बसलोय,” मी म्हणायचे. “सुलट बाजू प्रभूकडे आहे. तिकडून नक्षी नीट दिसते.” हे मी इतक्या खात्रीनं सांगायचे की पुढं कुणी शंका काढत नसे.

आता हात म्हणजे काय ते सांगते. विणणाऱ्या बायका म्हणतात, हिचा हात घट्ट, तिचा हात सैल. प्रत्येकीचं अक्षर वेगळं तसा प्रत्येकीचा हात वेगळा. स्वेटर समोर धरला की तो कुणी विणला हे मी सांगायचे, आणि मधल्या चार ओळी सासूनं घातल्या असतील तर तेही. यात चमत्कार काही नाही. नजर बसली की दिसतं.

रिबका हिवाळेचा हात तर कुणीही ओळखला असता. रिबका माझी मैत्रीण, पेशानं नर्स. सुलट टाका घेताना सुई टाक्याच्या पुढून घालायची असते, रिबका मागून घालायची. त्यामुळे तिचा प्रत्येक टाका पायावर पाय टाकून, मांडी घातल्यासारखा बसायचा. कापड जाड आणि घट्ट व्हायचं. मी वर्षानुवर्षं सांगितलं. काडीचा उपयोग झाला नाही.

“चुकतंय तर चुकू दे की,” ती म्हणायची. “माझा हात असाच हाय. आणि तुमचं काय ओ बाई? दर ओळीचा शेवटचा टाका ढिला सोडता. उठायची घाई सदा न् कदा.”

हे खरं होतं. माझा शेवटचा टाका ढिला पडतो, अजूनही पडतो. आणि रिबकाला टाके बंद करायला कधी जमलं नाही. काम संपत आलं की सुईसकट माझ्या मांडीवर आणून टाकायची. शेवटची ओळ बंद करायची ती मीच.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात रिबका गेली. ताप आला काय, दवाखान्यात नेलं काय, आठवड्यात सगळं आटोपलं. तिच्यासाठी मी जेवढी रडले तेवढी माझ्या नवऱ्यासाठी रडले नव्हते, आणि हे मी त्यांच्या फोटोसमोर उभी राहून सांगेन. मागं राहिली तिची लेक सुवार्ता, आणि सुईवर अर्धं राहिलेलं एक पिवळं ब्लँकेट.

सुवार्ताची दोन बाळं पोटातच गेली होती. आता पुन्हा दिवस राहिले होते. ते ब्लँकेट याच बाळाचं. तिचा नवरा सॅम्युएल वारणानगरला शिक्षक. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली म्हणून ती इथं वडिलांकडे येऊन राहिली होती. बाळासाठी एक टोपरंही तिनं कुणाला आणू दिलं नाही. ताटातलं अर्धं तसंच ठेवायची. मी भेटायला गेले तर म्हणाली, “मावशी, आईनं घेतलेलं अर्धं राहिलं. हेही अर्धंच राहणार.”

“काही अर्धंबिर्धं राहत नाही,” मी म्हणाले. “आण इकडं. मी पुरं करते.”

रिबकाच्या पिशवीतली लोकर संपलेली होती. महाद्वार रोडच्या दुकानदारानं सांगितलं, तो लॉट गेला, आता तसा रंग यायचा नाही. रिबकाचा पिवळा हळदीचा होता. मला मिळालेल्या पिवळ्यात लिंबाची झाक होती. चालेल म्हटलं. माझं काम जिथून सुरू झालं तिथं काठाला खुणेचा लाल दोरा बांधला, वर्गात बसून चार बोटं विणलं, आणि ब्लँकेट खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्या पाकिटात.

पुढच्या गुरुवारी कपाट उघडलं. लाल दोऱ्याच्या वर चार बोटं विणकाम होतंच. पण ते हळदीच्या पिवळ्यात होतं, आणि सगळे टाके मांडी घालून बसले होते.

मी चष्मा पुसला. बाहेर ढग होते, खोलीत उजेड कमी. खालचा हात बघून माझाही हात तसा वळला असेल, रंग काय, उजेडावर असतो. मी वर्गाला पश्चात्तापाचा धडा दिला आणि लाल दोऱ्यापर्यंत सगळं उसवलं. उसवलेली लोकर मांडीवर साठली. हळदीची होती. लिंबाच्या रंगाचा माझा गोळा पिशवीत जसा आणला तसा, दुकानदाराच्या कागदी पट्टीसकट पडून होता.

पट्टी काढली आणि पुन्हा विणायला घेतलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी परत तेच. या वेळी तर मी विणलं त्याहून वीतभर जास्त होतं.

आता मला राग आला. कुणीतरी माझी मस्करी करत होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. चन्नम्मा. गडहिंग्लजकडची लिंगायत बाई, नवऱ्याचं बटणं-दोऱ्याचं दुकान. ती वर्गाला यायची विणकामासाठी, पण माझ्या प्रत्येक धड्यावर बोलल्याशिवाय तिला राहवायचं नाही. मी सगळ्यांसमोर तिला विचारलं.

“किल्ली तुमच्या पाकिटात आन् चोर मी?” तिचा आवाज आधीच मोठा, तो आणखी चढला. “माझा हात बघा की! आणा त्या सुया.” तिथल्या तिथं तिनं दुसऱ्या लोकरीच्या दोन ओळी घालून माझ्यापुढं फेकल्या. पिठाच्या चाळणीतून दिसावं तसं त्यातून आरपार दिसत होतं. असल्या हाताला रिबकाची नक्कल जन्मात जमली नसती. “चुकले,” मी म्हणाले. मला हा शब्द क्वचित लागतो, पण लागला तर वापरते.

चन्नम्माचा राग तेवढ्यात गेला. तिनं ब्लँकेटवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला.

“गरम हाय, बाई.”

“लोकर आहे. लोकर गरमच असते.”

“तशी न्हाय. आत्ता मांडीवरनं उचलल्यागत.” ती हळू आवाजात बोलू लागली, हेच आधी विचित्र होतं. “रिबकाक्का हाय ही.”

“आमच्यात असलं काही नसतं, चन्नम्मा. गेलेलं माणूस प्रभूजवळ असतं.”

“मग तिथनंच विणत असंल की. तुम्हीच सांगता न्हवं, सुलट बाजू तिकडं हाय म्हणून?”

मी ब्लँकेटची घडी घातली आणि कपाटाला कुलूप लावलं. शाळेत एवढी वर्षं शिकवलं, पण माझाच धडा कुणी असा माझ्यावर उलटवला नव्हता.

चन्नम्माच्या पोटात काही राहत नाही. दुसऱ्याच दिवशी सुवार्ता रिक्षा करून माझ्या दारात उभी. तिला झोपून राहायला सांगितलेलं, आणि ही निघाली. माझी ओरडायची तयारी होती, पण तिचं तोंड बघून मी तिला सरळ खोलीकडे नेलं. तिनं दोन्ही तळवे ब्लँकेटवर ठेवले. घाबरली नव्हती. तिच्या आईच्या अंत्यविधीनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

“आईचा हात,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मावशी, भूक लागली.”

त्या दिवसापासून ती जेवू लागली. मी विणायचं सोडून दिलं. उसवणंही सोडलं. ब्लँकेट कपाटात वाढत राहिलं आणि मी दर गुरुवारी फक्त लांबी बघायचे. काही बायका यायच्या बंद झाल्या. मी त्यांना बोलवायला गेले नाही. माझा देव माझ्या कपाटापेक्षा मोठा आहे, आणि कपाटात जे काही चाललं होतं ते एका पोरीला जेवू घालत होतं. त्याला मी वाईट म्हणणार नव्हते.

नाताळ जवळ आला. चर्चवर कागदी चांदणी चढली. त्याच दुपारी सॅम्युएल स्कूटरवरून आला तो धापा टाकतच. सुवार्ताला वेळेच्या बऱ्याच आधी कळा सुरू झाल्या होत्या. दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर नीट बोलत नव्हते.

“ती एकच विचारतीय,” तो म्हणाला. “ब्लँकेट झालं का.”

“झालं म्हणून सांग,” मी म्हणाले, आणि ते खरं करायला निघाले.

खोलीत ऊन होतं. कपाट उघडलं. लांबी पुरी झाली होती. शेवटची ओळ मात्र मध्येच थांबली होती, निम्मे टाके या सुईवर, निम्मे त्या. मी खुर्चीत बसले, ब्लँकेट मांडीवर घेतलं, सुया हातात धरल्या.

धागा ताठ होता.

माझ्या बोटांवरून तो पलीकडे गेला होता, कापडाच्या मागं, आणि तिकडून कुणीतरी तो धरला होता. समोरासमोर बसून दोघी एकाच गोळ्यातून विणू लागल्या की जसा ओढतो, तसा तो ओढत होता.

मी ब्लँकेट उलटून बघितलं नाही.

“रिबका,” मी म्हणाले. “सुई पुढून घाल.”

धागा सैल झाला.

रस्त्यावर वडापवाला ओरडला. उन्हात लोकरीचे बारीक तंतू उडत होते.

मग माझ्या डोळ्यांदेखत सुईवरचा टाका वळला, आणि त्यानं पायावर पाय टाकला.

मला आधी हसू आलं. काटा नंतर आला.

एकेक टाका तसाच. मी सुया नुसत्या धरून होते. ओळ संपली आणि धाग्याचं टोक माझ्या मांडीवर येऊन पडलं. त्याला पुढं लोकर नव्हती.

“आण,” मी म्हणाले. “नेहमीसारखं.”

माझ्या लिंबाच्या रंगाच्या लोकरीनं मी टाके बंद केले. शेवटचा ढिला पडला. टोक सुईनं आत ओवून पक्कं केलं आणि ब्लँकेट छातीशी धरून दवाखान्याकडे निघाले.

दिवेलागणीला मुलगी झाली. मूठभर होती, पण रडली ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी. नाव ठेवलं सलोमी. लाल दोरा सुवार्तानं काढू दिला नाही. तेव्हा तो आणि माझा लिंबाचा काठ यांच्यात हातभराचं अंतर होतं.

सलोमी वाढत गेली. दर नाताळात ती मंडळी वारणानगरहून यायची, आणि ब्लँकेट बरोबर असायचं. सलोमीला ते सोडवत नसे. चालू लागली तेव्हा ते तिच्या पायांना पुरायचं. शाळेत गेली तेव्हाही पुरायचं. लाल दोरा दर वर्षी काठापासून थोडा लांब गेलेला असे. मधल्या ओळी हळदीच्या, टाके मांडी घातलेले, आणि माझा बंद केलेला काठ जसाच्या तसा. सुवार्ता त्याबद्दल बोलत नसे. धुवायची, उन्हात वाळवायची, घडी घालायची. मीही विचारलं नाही. मी वर्गात उलट्या बाजूचा धडा पूर्वीपेक्षा जोरात सांगू लागले.

गेल्या नाताळात जेवणानंतर सलोमी आमच्या घरी पुढच्या सोप्यात झोपली होती. ब्लँकेट गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत. मी नेहमीप्रमाणे काठ उचलून बघितला.

माझ्या काठाच्या अगदी खाली नव्या ओळी होत्या. हळदीच्या नव्हत्या. लिंबाच्या होत्या.

मी चष्मा लावला आणि काठ खिडकीकडे धरला. टाके सरळ होते. एकानंही मांडी घातली नव्हती. मी बोट फिरवत ओळीच्या टोकाला आले.

शेवटचा टाका ढिला होता. वरच्या ओळीचा, खालच्या ओळीचा, सगळ्यांचा.

त्या ओळी मी अजून विणलेल्या नाहीत.

“काय बघताय एवढं, मावशी?” सुवार्तानं स्वयंपाकघरातून विचारलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “या वेळी टाके नीट पडलेत.”