दीर्घिका सरकवणारी बाई

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी मिरजेत सूर्य मावळल्यावर एकही दिवा लागत नसे. उपग्रहांवरून मिळणारे दिशादर्शक संदेश दोन्ही बाजूंनी केव्हाच बंद पाडले होते. मोबाइलमधले नकाशे आंधळे झाले होते आणि ट्रकवाले पुन्हा टपरीवर थांबून रस्ता विचारू लागले होते. आता क्षेपणास्त्रांनाही वाट सापडणार नाही, असं लोकांना वाटलं होतं. पण ती नेमकी येत होती. पुलाच्या मधोमध पडत होती, धान्याच्या कोठारावर पडत होती आणि बाजूची टपरी शाबूत ठेवत होती.

हेमलता मगदूमचं लक्ष्मी मार्केटजवळ चष्म्याचं दुकान होतं. या अंधारातून तिला एक आनंद मिळाला होता आणि तो कुणाला सांगायची तिला लाज वाटे. ती हौसेने आकाशाचे फोटो काढायची, तेही अंधुक दीर्घिकांचे. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, पण इतका लांब की दुर्बिणीतून तो काचेवर बोट लागल्यासारखा डाग दिसतो. एका फोटोत तोही उमटत नाही. त्याच जागेचे शेकडो फोटो घेऊन संगणकात एकावर एक रचले, की डाग हळूहळू वर येतो. शहरं काळोखात बुडाल्यापासून दंडोबाच्या डोंगरावरून तिला असे फोटो मिळत होते, की परदेशातले जुने जाणकारही वाहवा करत. दर आठवड्याला ती ते जगभरच्या हौशी लोकांच्या खुल्या संग्रहात चढवत असे.

मग एका सकाळी जंक्शनवर तीन क्षेपणास्त्रं पडली. तिचा नवरा अजित रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता. हेमलता धावत पोचली तेव्हा फलाटाचं लोखंड वितळून रुळांवर सांडलं होतं. एक हमाल स्वतःचा तुटलेला हात काखेत धरून पाणी मागत फिरत होता. अजित संध्याकाळी सापडला. त्याला चेहरा राहिला नव्हता. अपेंडिक्सच्या व्रणावरून तिने त्याला ओळखलं.

अजितचे दिवस झाल्यानंतर संरक्षण खात्याचे एक शास्त्रज्ञ दुकानात आले. डॉक्टर तळपदे. काउंटरवर तिचाच फोटो ठेवून ते म्हणाले, "मगदूमबाई, हा तुम्ही काढलेला ना?"

"हो. का?"

"क्षेपणास्त्राला आपण कुठे आहोत हे कळायला एखादी न हलणारी खूण लागते. उपग्रह गेले तेव्हा आम्ही ताऱ्यांवरून दिशा धरायला लागलो. शत्रूही तेच करत होता. मग दोघांनी अवकाशात चकाकणारे दिवे सोडले, खोटे तारे. खरा कोणता, खोटा कोणता, यंत्राला कळेना. पण डाग खोटा करता येत नाही. प्रत्येक दीर्घिकेचा आकार वेगळा, अंगठ्याच्या ठशासारखा. आणि ती इतकी लांब, की हजारो वर्षांत जागची हलत नाही."

"आम्ही त्यांना धूसरखुणा म्हणतो," ते पुढे म्हणाले. "क्षेपणास्त्र हवेच्या वर गेलं, की या खुणा बघतं आणि स्वतःची जागा ठरवतं. मात्र खोटे तारे दर आठवड्याला बदलतात. म्हणून खुणांचा फोटो ताजा लागतो आणि जिथे मारायचं त्याच्याच आसपासून काढलेला लागतो."

हेमलताच्या हातातली फ्रेम काउंटरवर पडली.

"म्हणजे जंक्शनवर..."

"तुमच्या फोटोवरून आली ती."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत?"

"सहा महिने. तुम्हाला थांबवता येत नव्हतं. आपली क्षेपणास्त्रंही त्याच संग्रहातल्या फोटोंवर जातात. तिकडेही तुमच्यासारखे हौशी लोक आहेत. तुमचे फोटो थांबले, तर तिकडचेही थांबवले जातील."

नंबर तपासायच्या भिंगांची लाकडी पेटी तिच्या हाताशी होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्या तोंडावर मारली. त्यांचा चष्मा फुटला, भुवईखाली कातडं फाटलं, ते खुर्चीसकट मागे पडले. तिने आणखी एकदा मारली. तिसऱ्यांदा पेटी उचलली तेव्हा भिंगं सगळीकडे सांडली आणि तिने पेटी खाली टाकली.

तळपदे उठून बसले. रुमाल डोळ्यावर दाबून म्हणाले, "पुन्हा हल्ला होणार आहे, मिरजेवरच, अशी पक्की खबर आहे. तुम्ही फोटो चढवा. फक्त त्यातल्या दीर्घिका थोड्या सरकवा."

"सरकवून काय होतं?"

"देवळाच्या डावीकडचं घर, असा पत्ता सांगितला आणि देऊळच दोन गल्ल्या पुढे नेलं, तर माणूस भलत्याच दारात जाईल. आकाशातला केसाएवढा फरक जमिनीवर कित्येक मैलांचा होतो. किती आणि कुठे सरकवायचं, ते तुम्हाला इथला मुलूख माहीत आहे म्हणून विचारतोय."

पश्चिमेला सांगली. उत्तरेला तासगावकडची गावं. हेमलताने पूर्व निवडली. आरगच्या पुढे उघडं माळरान होतं, तिथे मेंढरांशिवाय काही नसे.

फोटो गेला. चार दिवसांनी सकाळीच पूर्वेकडून दणके आले आणि मिरजेच्या खिडक्या नुसत्या थरथरल्या. शेजारीपाजारी रस्त्यावर येऊन हसत एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. हेमलता स्कूटर काढून माळावर गेली.

माळ रिकामा नव्हता. जंक्शनवरच्या हल्ल्यानंतर शहर धोक्याचं म्हणून शेकडो कुटुंबं ताडपत्र्या बांधून तिथे राहायला आली होती. ताडपत्र्या आता माणसांच्या अंगाला चिकटून जळत होत्या. एका खड्ड्याच्या काठावर एक बाई मुलाचे पाय धरून ओढत होती. वरचा भाग मातीत होता. पाय सुटून आले तेव्हा वर काहीच नव्हतं. बाईने ते पाय मांडीवर घेतले आणि पदराने झाकले.

"आंधळे आहेत का मेले," शेजारचा म्हातारा म्हणाला. "इथं काय होतं मारण्यासारखं?"

"मी सरकवलं," हेमलता म्हणाली. "ती शहरावर पडणार होती. मी इकडे सरकवली."

आधी कुणाला कळलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, फोटोसकट सगळं. मग म्हाताऱ्याने तिच्या थोबाडीत मारली. माणसं जमली. कुणी केस धरले, कुणी पोटात लाथ घातली. ती पडली तेव्हा एक दगड डाव्या डोळ्यावर बसला आणि आत काहीतरी ओलं फुटल्याचं तिला कळलं. पाय मांडीवर घेतलेली बाई तेवढी जागची उठली नव्हती.

शुद्धीवर आली ती मिरजेतल्या दवाखान्यात. डावा डोळा काढून टाकला होता. तळपदे नकाशा घेऊन पलंगाशी बसले होते.

"शत्रूला संशय नाही," ते म्हणाले. "माळावर सैन्य होतं, असं सांगून ते विजय साजरा करतायत. पुढचा फोटो उद्या लागेल."

"खरा टाकला तर?"

"यावेळी नेम या दवाखान्यावर आहे. शेजारची घरंही जातील."

"आणि टाकलाच नाही तर?"

"जुन्या फोटोवरून मारतील. पाच-सहा मैलांत कुठेही. म्हणजे तीही कुणावर तरी पडतीलच."

"मग जिथे पाडायचं ते गाव आधी रिकामं करा."

"गाव उठलं की त्यांना कळेल. मग ते दुसरी युक्ती काढतील आणि ती आम्हाला माहीत नसेल."

हेमलताने नकाशा जवळ ओढला. नकाशावर ओसाड दिसणाऱ्या जागेवर तिचा आता विश्वास नव्हता. बराच वेळ ती एका डोळ्याने नावं वाचत राहिली. तळपदेंचा अंगठा नकाशाच्या उजव्या बाजूला टेकलेला होता, आणि तो तिथून हलत नव्हता.

"अंगठा काढा, डॉक्टर."

त्यांनी काढला. खाली सलगरे होतं.

"कोण आहे तिथं तुमचं?"

"आई," तळपदे म्हणाले. "पुण्याहून आणून मामांकडे ठेवलंय. सुरक्षित म्हणून."

भुवईखालच्या टाक्यांजवळ त्यांना घाम आला होता.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "कुठे?"

"बेडग." नकाशाकडे न बघताच त्यांनी सांगितलं.

"ओळखता तिथं कुणाला?"

"नाही."

"मी ओळखते. मुल्लांची फरजाना, उणे चार नंबर. चष्म्याशिवाय तिला स्वतःचा उंबरा दिसत नाही. कोष्टी मास्तर आहेत, मोतीबिंदू काढल्यापासून दर दिवाळीला फ्रेम घट्ट करून न्यायला येतात. त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे."

तळपदे नकाशाची घडी घालू लागले.

"राहू दे उघडा," हेमलता म्हणाली आणि तिने संगणक मागितला. बाहेरच्या व्हरांड्यात जखमींच्या खाटा दाटीने लावल्या होत्या आणि कुणीतरी पाणी मागत होतं. तिने ताजा फोटो पडद्यावर आणला. मग सगळ्या दीर्घिका एकदम निवडून तिने त्या बेडगच्या अंतराइतक्या सरकवल्या.