राहिलेली थाप

मी या पेजवर नुसता वाचायला येतो. अर्ध्या गोष्टी वाचून हसतो. पांढरी साडी, उलटे पाय... सोडा हो.

पण ही ऐकीव नाही. मी तिथं होतो. आईशप्पथ, यात पदरचं काही घातलेलं नाही. पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या.

आणि रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती, गेल्या हिवाळ्यातली. वर उत्तरेत, पहाडातल्या घाटातलं शेवटचं मोठं वळण. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि सगळीकडं बर्फ.

आमचा ट्रक आहे. म्हणजे माझ्या दादाचा. दादा आणि वहिनी दोघं मिळून चालवायचे. लोक नावं ठेवायचे. दादा म्हणायचा, "बायको चालवते म्हणून मला झोप तरी मिळते. तुमच्या बायका तुम्हाला झोपू देतात का?"

त्याच्या आदल्या हिवाळ्यात याच वळणावर दादा गेला.

कसा गेला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

हे वळण अरुंद आहे. लांब गाडी एका दमात निघत नाही. दरीच्या तोंडापर्यंत मागं घ्यावी लागते. मग एकानं खाली उतरायचं, चाकं बघायची आणि गाडीच्या पत्र्यावर थाप द्यायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल. काचा बंद, वारा सुटलेला, हाक ऐकू येत नाही. थाप तेवढी ऐकू येते. थाप आल्याशिवाय गाडी तसूभर हलवायची नाही, हा दादाचा नियम.

त्या दिवशी दादा उतरला. वहिनीनं गाडी मागं घेतली. एक थाप आली. ती थांबली.

मग दोन थापांची वाट बघत बसली...

त्या आल्याच नाहीत.

कड्यावरून बर्फाचा लोंढा सुटला होता. गाडीच्या मागून दरीत गेला, दादाला घेऊन. वहिनीला वाटलं, वारा आहे. आरशात पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. रस्ता साफ करणारी माणसं आली तेव्हा ती ब्रेकवर पाय दाबून तशीच बसलेली. "अजून थाप आली नाही," एवढंच म्हणत होती. स्टिअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

दादा सापडला तो बर्फ वितळल्यावर.

पुढं वहिनीनं परत गाडी काढली. घरी आमची आई आणि दादाची लेक, आमची चिमणी. "रडत बसले तर घर कोण चालवणार, भाऊजी?" म्हणाली. मी गॅरेजातलं काम सोडून तिच्याबरोबर जायला लागलो.

एक गोष्ट मात्र बदलली. कुठंही असो, पंपावर, गोदामात, मोकळ्या मैदानात सुद्धा, मी खाली उतरून दोन थापा दिल्याशिवाय ती गिअर टाकायची नाही. लोक बघायचे. मी द्यायचो. माझं काय जातंय?

हे वळण मात्र आम्ही वर्षभर टाळलं. लांबचा रस्ता धरायचो. त्या दिवशी लांबचा रस्ता बंद होता.

गाडीत ब्लँकेटं होती. मागं उबेचा डोंगर आणि पुढं आम्ही दोघं काकडतोय. मी म्हटलं, "वहिनी, दोन काढू का? कोण मोजतंय?"

"चोरटे कुठले," ती म्हणाली. पण हसली नाही.

वळण आलं.

मी उतरलो. तिनं गाडी मागं घेतली, अगदी झकास. मी एक थाप दिली. थांबली. चाकं बघितली, सगळं ठीक. दोन थापा दिल्या.

गाडी हलली नाही.

परत दिल्या.

आणि... इंजिन बंद झालं.

मी धावत जाऊन माझ्या बाजूनं वर चढलो. "अगं वहिनी, दिली की थाप!"

तिनं समोर बघत सांगितलं, "इथं तुमची नको, भाऊजी. इथं ह्यांची राहिलीय."



मी समजावलं. चिडलो. अशा थंडीत इंजिन बंद ठेवलं की टाकीतलं डिझेल घट्ट होतं, मग काही केल्या गाडी सुरू होत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वरून बर्फ पडायला लागलेला. वायपर झाकले गेले. तिच्या बाजूच्या काचेवर वाफ धरली. मी म्हटलं, "चिमणी वाट बघतेय गं."

"मीही बघतेय," ती म्हणाली.



तेव्हा माझ्या डोक्यात एक आलं. मी म्हटलं, "जरा जाऊन येतो. लघवीला लागलीय."

तिनं माझ्याकडं बघितलं.

मी माझ्याच बाजूनं पार मागं गेलो. ठरवलं होतं, दादासारख्या दोन जोरात द्यायच्या. त्याचा हात जड होता, माझा हलका. हातमोजा काढला. पंजा पत्र्यावर टेकवला...

आणि हात उचलेना.

इथंच तो उभा असेल शेवटचा, असं मनात आलं. त्याच्या नावानं, त्याच्याच जागी, त्याच्याच बायकोला फसवायचं? मी तिथं लहान पोरासारखा रडलो. खोटं कशाला सांगू?

वारा एकदम पडला. इतकं शांत झालं की माझा श्वास मला ऐकू येत होता.

आणि मग...

धप्प. धप्प.

पुढून. वहिनीच्या बाजूनं.

माझा पंजा पत्र्यावरच होता. मला ते नुसतं ऐकू आलं नाही. हाताला लागलं.

इंजिन घुरघुरलं. गाडी पुढं निघाली. मी बोंबलत मागं धावलो, तिच्याच बाजूनं. ती जागा मी बघितली. दार होतं तिथं चाकांशिवाय कशाचीच खूण नव्हती. ताजा बर्फ, जसा पडला तसा.

वळणाच्या पलीकडं ती माझ्यासाठी थांबली. मी वर चढलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा मोकळा दिसत होता. कित्येक महिन्यांत बघितला नव्हता तसा. दातांवर दात वाजत होते, ते थंडीनंच असं धरून चाललो.

खाली उतारावर एक चहाचं दुकान आहे. तिथं शेगडीशी बसलो. तिनं दोन्ही हातांत ग्लास धरला आणि म्हणाली, "बरं केलंत, भाऊजी."

"काय?"

"उतरलात तेव्हाच कळलं होतं मला, कशासाठी उतरताय ते. म्हटलं, गेलेल्यासाठी जित्या माणसाला किती छळायचं? म्हणून थाप आली तशी निघाले. मुद्दाम खाली बघितलं नाही. तुमची चोरी पकडली असं व्हायला नको."

मी मान खाली घातली. म्हटलं, असू दे. तिला असंच वाटू दे. सुटली बिचारी.

मग ती म्हणाली, "पण ती टकटक तुम्हाला कुणी सांगितली?"

"कसली टकटक?"

"दोन थापांनंतर. दारावर, हळूच, बोट मुडपून. ती कामाची नव्हती. हे फक्त मला द्यायचे. आमच्या लग्नापासून."

मी शेगडीकडं तोंड फिरवलं.

"भाऊजी... तुम्ही कुठं उभे होतात?"

खोटं बोलायला हवं होतं. तोंडातून निघेना.

"मागं," मी म्हटलं. "पार मागं होतो, वहिनी."

तिचा ग्लास कलंडला. चहा हातावर सांडला तरी तिला कळलं नाही.

"म्हणजे हे दाराशी होते," ती म्हणाली. "आणि मी खाली बघितलं नाही."



ते काय होतं, मला माहीत नाही. मला समजावायला जाऊ नका. वारा, पत्रा, थंडी, सगळं मीच मला सांगून झालंय.

आता ती माझ्या थापेवर निघते. तिच्या बाजूची काच मात्र पूर्ण खाली असते, कितीही थंडी असो. निघण्याआधी दाराबाहेर वाकून बघते. मीही दोन थापा दिल्या की थोडा थांबतो. तिसरी काही येत नाही.

परवा गाडी भरून झाली, आम्ही निघणार, तेवढ्यात तिनं विचारलं. अगदी साध्या आवाजात.

"भाऊजी, त्या दिवशी माझ्या काचेवर वाफ होती ना? ह्यांना बाहेरून माझं तोंड तरी दिसलं असेल का हो?"