रत्नप्रभाबाईंचा जबाब

"अहो, तीन पायऱ्या आहेत. कठडा उजव्या हाताला."

दत्ताराम पावसकरांच्या चष्म्याच्या काडीतून त्यांची बायको बोलत होती. रत्नप्रभाबाईंना जाऊन उद्या वर्ष होणार होतं. गेलेल्या माणसाचा आवाज, सवयी, बोलण्याची ढब जपणाऱ्या या यंत्राला 'स्वरछाया' म्हणत. दृष्टी गेलेले पावसकर तिच्याच भरवशावर घटनापीठासमोर येऊन उभे राहिले. सागरी देशांच्या संघाचा नियम कडक होता: वर्ष उलटलं की स्वरछाया पुसायची. मेलेल्याला कुणी मनाविरुद्ध बोलतं ठेवू नये, म्हणून. पावसकरांची विनंती एवढीच होती, की ती पुसू नये.

न्यायमूर्ती मृण्मयी देवस्थळींना तो नियम देशापुरता झुगारता आला असता. पण आज आपण झुगारला, तर उद्या शेजारचा देश याच संघाने दिलेलं आपल्या खलाशांचं संरक्षण झुगारेल, हे त्या जाणून होत्या. म्हणून रीतीप्रमाणे त्यांनी कोलंबोच्या संघ न्यायालयाला प्रश्न पाठवला होता. उत्तर आलं होतं: पुसावी.

"उत्तर आलंय, देवस्थळीबाई. विषय संपला," शेजारी बसलेले न्यायमूर्ती खोत हळूच म्हणाले.

देवस्थळींनी पाठवलेल्या प्रश्नाची प्रत उघडली आणि त्या चपापल्या. अकरा भाषांत प्रश्न नेणाऱ्या 'दुवा' यंत्रणेने पावसकरांचं अंधत्व असंबद्ध म्हणून गाळलं होतं. रत्नप्रभाबाईंनी दोन वर्षं स्वतः बसून आवाज भरला, हेही गाळलं होतं. आणि देवस्थळींनी न वाचताच सही ठोकली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा विचारू नये, असा रिवाज. खोतांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे काणाडोळा करून बाईंनी स्वतःच्या हाताने सगळी हकीकत लिहून पाठवली.

दुपारी कोलंबोहून न्यायमूर्ती विजेरत्ने पडद्यावर आल्या. "आम्हाला माणूस दिसलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "नियमाचा अर्थ आम्ही सांगतो. मृताची इच्छा सर्वांत वर. त्यांची इच्छा काय, हे मात्र तुम्हीच ठरवा. तुम्ही जवळ आहात."

काडीतला आवाज सभागृहात मोठा करण्यात आला. पावसकरांनी कठडा घट्ट धरला.

"रत्नप्रभाबाई," देवस्थळी म्हणाल्या, "तुम्हाला राहायचंय का?"

"आधी ह्यांना खाली बसवा बघू. गुडघे दुखतात, पण कधी सांगायचे नाहीत."

कुणीतरी हसलं. पावसकर खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडू लागले.

"मॅडम, हा जबाब म्हणून नोंदवू?" लघुलेखकाने विचारलं.

"नोंदवा."

"रत्नप्रभाबाईंचा म्हणून लिहू, की यंत्राचा?"