आजीच्या हृदयाला चंद्र कळला

गोळीच्या मधोमध चीर नव्हती. आधीच्या गोळ्यांवर असायची, नख फिरवल्याशिवाय कळणार नाही इतकी बारीक. रंग तोच, फिकट गुलाबी. पण आधीची गोळी तुरीच्या दाण्याएवढी होती आणि ही जेमतेम मुगाएवढी.

"आजी, थांब! तोंडात टाकू नकोस," शाल्मली ओरडली.

कालिंदीआजी तीर्थ घ्यावं तसा तळहाताचा खळगा करून गोळी घेत असे. तो हात ओठांपाशीच थांबला. चंद्रावरच्या वसाहतीत आजी खडकांच्या अभ्यासासाठी आली होती, तेही सहाच महिन्यांसाठी. पण इथे लेक होती, नात शाल्मली होती. आणि तिकडे सांगलीत आजीची थोरली बहीण एकटी वाट पाहत होती. पृथ्वीकडे यान निघालं, की आजी म्हणायची, "बघू पुढच्या खेपेला." अशी तीन वर्षं गेली.

"लहान आहे खरी," आजी गोळीकडे पाहत म्हणाली. "यंत्र काटकसर करतंय वाटतं. मग दोन घेते."

"अगं, औषध मनानं वाढवायचं नसतं! तूच सांगतेस ना?"

शाल्मलीने धन्वीला हाक मारली. धन्वी म्हणजे वसाहतीतला औषधं तयार करणारा यंत्रमानव.

"चूक नाही," धन्वी म्हणाला. "आजींच्या मनगटपट्टीवरच्या नोंदी पाहून डॉक्टरांनीच मात्रा (एका वेळी घ्यायचं औषधाचं प्रमाण) निम्मी केली. तसा निरोपही पाठवला होता. तो अजून उघडलेला नाही."

"वाचणारच होते," आजी पुटपुटली.

"खडक बरे वाचतेस! पण निम्मी का?"

प्रश्न ऐकताच आजीतली शास्त्रज्ञ जागी झाली. "सांगलीच्या घरचा पंप आठवतो? गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवताना किती घुरघुरायचा! हृदय हाही पंपच. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली ओढणारं बल) रक्ताला पायांकडे ओढतं आणि हृदय ते डोक्यापर्यंत चढवतं. चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश."

"म्हणजे गच्चीच खाली आली!"

"अगदी! पंपाला जोर कमी लागतो. माझा रक्तदाब (रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा रक्ताचा दाब) उतरला तो त्यामुळेच. दोन गोळ्या घेत राहिले असते, तर तो फारच उतरून भोवळ आली असती."

धन्वीने पडद्यावर आजीचं हृदय दाखवलं. मिटत होतं, उमलत होतं. शाल्मली श्वास रोखून पाहत राहिली. मुठीएवढा तो स्नायू! त्याने ना आकाश पाहिलं होतं, ना यान. तरी आपण दुसऱ्या जगात आलोय हे त्याला कळलं होतं, आणि कुणाला न विचारता तो हळूहळू बदलला होता.

"याच्या भिंती पातळ झाल्यात का?" तिने विचारलं.

"थोड्या," धन्वी म्हणाला. "काम कमी झालं, की स्नायू रोडावतो."

"मग पृथ्वीवर गेल्यावर? तिथे गच्ची पुन्हा उंच होईल."

उत्तर धन्वीने दिलं. "आत्ता गेल्या, तर व्यायामाने हृदय पुन्हा बळकट होईल. जितका उशीर, तितकं अवघड."

आजीने इथेच राहावं, असं शाल्मलीला रोज वाटायचं. आजही वाटत होतं.

"जा तू, आजी," ती हळूच म्हणाली. "मी सुट्टीत येईन. माझं हृदयही पुन्हा शिकेल की पृथ्वीवर राहायला."

आजीने तिला जवळ ओढलं. मग पडद्यावरच्या त्या धडधडीकडे पाहिलं.

"धन्वी," ती म्हणाली, "येत्या यानात माझी जागा राखून ठेव. मी घरी जाते आहे."